मंडळीचा एकुलता एक श्रोता

येशूची सुवार्ता सांगण्याचं काम यापुढे भावनेच्या भरात न करता वैयक्तिक ध्येयानुसार करण्यात यावं, असा ठराव चर्चच्या मंडळीच्या वार्षिक सभेत एकमताने मंजूर झाला. एकमत होण्याचं कारण असं, की सभा लांबली होती, चहा निवत चालला होता आणि विरोध करणाऱ्याला कारण द्यावं लागेल असं आधीच सांगून ठेवलं होतं. ठराव मांडणारे गृहस्थ साबणाच्या कंपनीतून विक्रीप्रमुख म्हणून निवृत्त झाले होते. त्यांना सगळे ध्येयसाहेब म्हणत. आधी पाठीमागे म्हणत. मग त्यांना ते आवडतं असं लक्षात आल्यावर तोंडावर म्हणू लागले.

"आतापर्यंत आपण काय करत आलो?" ध्येयसाहेबांनी विचारलं. "सुवार्ता सांगितली आणि बाकीचं देवावर सोडलं. साबण असा विकता येतो का?"

कुणालाच साबणाचा अनुभव नसल्यामुळे सगळ्यांनी माना हलवल्या.

मोजायचं काय, एवढाच प्रश्न होता. एखाद्याच्या आत्म्याचं तारण झालं की नाही हे फक्त देवाला ठाऊक, आणि देवाकडून आकडे वेळेवर येत नाहीत, ही अडचण ध्येयसाहेबांनी सभेपुढे मोकळेपणाने मांडली. म्हणून तारणाऐवजी संभाषण मोजायचं ठरलं. संभाषणाची व्याख्याही झाली: सभासदाने मंडळीबाहेरच्या व्यक्तीला सुवार्ता आरंभापासून अंतापर्यंत सांगणे, आणि त्या व्यक्तीने ती बसून ऐकणे. उभ्याने ऐकलेलं धरायचं नाही, कारण उभा माणूस निघण्याच्या बेतात असतो. ऐकणारा काय म्हणाला, याबद्दल व्याख्येत काही नव्हतं. ध्येय प्रत्येकाने प्रार्थनापूर्वक स्वतःच ठरवावं, अशी दुरुस्ती उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी सुचवली आणि ती मान्यही झाली. प्रत्येकाने प्रार्थनापूर्वक ध्येय ठरवलं आणि ध्येयसाहेबांनी ते प्रार्थनापूर्वक दुप्पट केलं.

शेवटचा मुद्दा बसण्याच्या जागांचा होता. ध्येय गाठणाऱ्यांना उपासनेत पुढचे बाक मिळणार होते, त्यावर मखमली उश्या असणार होत्या. प्रयत्न करणाऱ्यांना मधले बाक. ज्यांच्याकडून काहीच झालेलं नाही त्यांनी मागे, स्वच्छतागृहाच्या दाराजवळ बसायचं होतं. त्या बाकांना 'प्रार्थनेची विशेष गरज असलेले' असं नाव देण्यात आलं.

चष्म्याचं दुकान चालवणारा चष्मेवाला त्या मागच्या बाकावर बसू लागला तेव्हा त्याला फारसं वाईट वाटलं नव्हतं. तो साधा माणूस. त्याची श्रद्धा होती, पण ती त्याने पाकिटासारखी आतल्या खिशात ठेवली होती. आहे ना, एवढं अधूनमधून चाचपून पाहायचा. वाईट वाटलं ते त्याच्या बायकोला, कारण तिची धाकटी बहीण दुसऱ्याच रविवारी मखमली उशीवर जाऊन बसली.

बहिणीचा नवरा, म्हणजे चष्मेवाल्याचा साडू, दातांचा डॉक्टर होता. त्याच्या खुर्चीत माणूस आडवा असायचा, तोंडात नळी असायची आणि अर्ध्या जबड्याला बधिर केलेलं असायचं. अशा माणसाला आरंभापासून अंतापर्यंत काहीही सांगता येतं. आडवा झालेला माणूस बसलेला धरावा का, यावर थोडी चर्चा झाली. पण तो उठून जाऊ शकत नाही, ही जमेची बाजू ठरली.

"अहो, तुमच्यापुढेही लोक बसतातच ना?" बायको म्हणाली. "मग तुमचं तोंड काय शिवलंय?"

म्हणून चष्मेवाल्याने तोंड उघडलं. पहिल्यांदा सापडल्या त्या एक शिक्षिका. त्यांच्या नाकावर तपासणीची जड गोल फ्रेम होती, डाव्या डोळ्यावर काळी चकती होती, आणि त्या समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचत होत्या.

"आता स्पष्ट दिसतंय की आधी दिसत होतं?" त्याने काच बदलत विचारलं.

"आधी."

"बरं. आणि मरणानंतर आपलं काय होणार, याचा कधी विचार केलाय?"

शिक्षिकेच्या तोंडचं पाणी पळालं. "डोळ्यात काही भलतंसलतं दिसलं का तुम्हाला?" त्या म्हणाल्या.

"तसं नाही हो, मी सहज..."

पण सहज कुणी असं विचारत नाही, हे शिक्षिकेला माहीत होतं. त्या उठल्या आणि फ्रेम नाकावर, चकती डोळ्यावर तशीच ठेवून मोठ्या दवाखान्याच्या दिशेने निघून गेल्या. फ्रेम परत आणायला बायकोला जावं लागलं. पुढच्या आठवड्यांत एक जण चष्मा न घेताच गेला, एक जण बुबुळाची चाचणी अर्धवट टाकून पळाला आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांनी समोरच्या फुटपाथवरून चालायला सुरुवात केली. साडूकडेही काही वेगळं नव्हतं. त्याचे पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे वळले होते, पण तोवर त्याची उशी पक्की झाली होती.

सगळ्या सभासदांची हीच तऱ्हा. केशकर्तनालयात, विम्याच्या ऑफिसात, इमारतीच्या लिफ्टमध्ये सुवार्ता इतकी जोरात सुरू होती, की आख्ख्या वस्तीतलं बसून ऐकणारं माणूस संपलं. लोक मंडळीच्या माणसांना लांबून ओळखू लागले. कुणी हसत हसत जवळ आलं, की समोरचा उभा राहायचा.

अशा वेळी दोऱ्याने बांधलेल्या दांडीचा चष्मा घेऊन एक आजोबा दुकानात आले.

"दांडी बसवायला जरा वेळ लागेल," चष्मेवाला म्हणाला.

"लागू द्या," आजोबा म्हणाले आणि स्टुलावर बसले.

इतकं मोकळं 'लागू द्या' चष्मेवाल्याने कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. त्याने दांडी हातात घेतली आणि भीत भीत सुरुवात केली. आजोबा ऐकत राहिले. ते घड्याळाकडे बघत नव्हते, दाराकडे बघत नव्हते. तो मधेच थांबला तर ते म्हणत, "मग? पुढे काय झालं?" हा प्रश्न चष्मेवाल्याला कुणी विचारलाच नव्हता. त्याचा उत्साह इतका वाढला, की अंतापर्यंत पोहोचल्यावर तो थोडा मागे गेला आणि पुन्हा अंतापर्यंत आला. चष्मा देताना त्याने सवयीने आजोबांच्या डोळ्यांत पाहिलं. दोन्हीकडे मोतीबिंदू पिकून पांढरा झाला होता.

"ऑपरेशन करून घ्या, आजोबा. हा चष्मा असून नसल्यासारखा आहे."

"करायचंय. डोळ्यांचं माझ्या आधीपासूनच हे असं. मी कामावर होतो ना, तेव्हा एकदा..."

"या हं आजोबा, पुन्हा या," चष्मेवाला म्हणाला. त्याचा एक हात आजोबांच्या पाठीवर होता आणि दुसरा ध्येयसाहेबांना फोन लावत होता.

ही गोष्ट त्याने बायकोला सांगायला नको होती. बायकोने ती बहिणीला ऐकवली, ऐकवताना नाक थोडं वर होतं, आणि बहिणीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. रविवारपर्यंत सगळ्या मंडळीला कळलं, की लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर एक म्हातारा एकटा राहतो, त्याला दिवसभर काही काम नसतं, बायको वारलेली आहे, आणि तो बसतो.

आजोबांच्या खोलीत एक पलंग, एक शेगडी आणि दोन खुर्च्या होत्या. दुसरी खुर्ची बरीच वर्षं रिकामी होती. आता ती गार होईनाशी झाली. जिन्यात रांग लागू लागली, रांगेत भांडणं होऊ लागली, तेव्हा ध्येयसाहेबांनी वेळापत्रक लावून दिलं. सकाळी नोकरदार, दुपारी महिला मंडळ, संध्याकाळी तरुण संघ. आजोबा पहिले काही दिवस प्रत्येकाला चहा करून देत. चहात वेळ जातो आणि पुढच्याचा खोळंबा होतो, म्हणून चहा नाकारावा अशी सूचना उपासनेत देण्यात आली.

आजोबांनी तीच कथा विम्याच्या एजंटाकडून ऐकली, न्हाव्याकडून ऐकली, गायनमंडळाच्या बाईंकडून चालीवर ऐकली. कुणी घाईत एखादा प्रसंग गाळला, तर ते हळूच म्हणत, "मधे ते वादळातल्या होडीचं राहिलं का?" मग सांगणारा ओशाळून होडी घालायचा. कधी ते स्वतः काही सांगायला जात. "आमची ही होती तेव्हा..." असं ते साडूला एकदा म्हणाले. समोरच्याने तोंड उघडलं की आत डोकावायचं, ही साडूची व्यवसायातली सवय. त्याने डोकावलं, "मागची दाढ काढायला झालीय," एवढं सांगितलं आणि होडीपासून पुढे सुरू केलं.

वर्ष संपत आलं तेव्हा तोवरच्या हिशोबाने सगळी मंडळी मखमली उशीवर होती. मागचे बाक काढून टाकण्यात आले. वरिष्ठ कार्यालयाला जो अहवाल गेला त्यात 'परिसरातील जनतेचा भरघोस आणि सातत्यपूर्ण प्रतिसाद' असे शब्द होते. जनता त्या वेळी लाँड्रीच्या वर बसून गायनमंडळाच्या बाईंची चाल ऐकत होती.

आणि एका सकाळी जनता जिना उतरून, भिंतीला हात लावत लावत चष्म्याच्या दुकानात आली.

"एक विचारायचं होतं," आजोबा म्हणाले. "मला बाप्तिस्मा मिळेल का?"

चष्मेवाल्याच्या हातातली काच खाली पडली. "म्हणजे... कशाला?"

"ऑपरेशनची तारीख मिळालीय. दवाखान्यात म्हणतात, सोबत कुणीतरी माणूस पाहिजे. त्याशिवाय ते घेत नाहीत. मला तर कुणी नाही. तुमच्यात कुणी आजारी पडलं तर मंडळी जाते, बसते, हे मला त्या विमावाल्यांनी सांगितलं. म्हटलं, मी तुमच्यातलाच झालो तर कुणीतरी येईल. आणि दुसरं म्हणजे, मला ते खरं वाटतं."

"काय खरं वाटतं?"

"तुम्ही सांगता ते सगळं."

चष्मेवाल्याने एवढं सांगितलं होतं, इतक्या वेळा सांगितलं होतं, पण समोरच्याला ते खरं वाटू शकेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याला गलबलून आलं. त्याने आजोबांचा हात हातात घेतला आणि वचन दिलं, की तो स्वतः सभेत हा विषय काढेल आणि तारखेच्या आधी बाप्तिस्मा करवून देईल. त्या क्षणी तो ते मनापासून बोलत होता. हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं, कारण त्याच्या बाजूने नोंदवण्यासारखं पुढे काही नाही.

"झालं!" बायको घरी म्हणाली. "अहो, ते सभासद झाले की त्यांना सांगितलेलं धरतील का?"

"नाही धरणार. मंडळीबाहेरचाच माणूस लागतो."

"मग आपण सगळे परत संडासाच्या दाराशी!"

"तिथले बाक काढलेत आता."

"तेच म्हणते. उभं राहावं लागेल."

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडील मंडळाच्या सभेत हा विषय निघाला तेव्हा सगळ्यांची पाचावर धारण बसली. बाप्तिस्मा मागणारा माणूस ही गोष्ट योजनेत कुठेच धरलेली नव्हती. पाळकसाहेब म्हणाले, की तत्त्वतः ही आनंदाची बाब आहे. तत्त्वतः या शब्दावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"आनंद मलाही आहे," ध्येयसाहेब म्हणाले. "पण एका माणसाच्या तारणासाठी आख्ख्या मंडळीची ध्येयं बुडवायची का, याचा शांतपणे विचार व्हावा. शिवाय त्यांची तयारी झालीय का?"

"त्यांना सगळं पाठ आहे," चष्मेवाला म्हणाला. "आपल्यापेक्षा जास्त."

"पाठ असणं वेगळं. त्यांनी अजून पुरेसं ऐकलेलं नाही, असं मला वाटतं."

चष्मेवाला उभा राहिला. आजोबांचा भिंत चाचपणारा हात त्याला आठवला, आणि त्याला बोलायचं होतं. ध्येयसाहेबांनी आयुष्यभर गिऱ्हाइकाचे चेहरे वाचले होते. त्यांनी लगेच जाहीर केलं, की श्रोता-संवर्धन समिती नावाची नवी समिती नेमण्यात येत आहे, तिचे प्रमुख म्हणून चष्मेवाल्यापेक्षा योग्य माणूस दुसरा नाही, आणि प्रमुखांची पुढची जागा ध्येय गाठो न गाठो, सपत्नीक कायम राहील. चष्मेवाला उभ्याचा खाली बसला. सभेने टाळ्या वाजवल्या. बायकोने तेच केलं असतं, असं त्याने स्वतःला समजावलं, आणि ते खरंही होतं.

अखेर ठरलं ते असं. बाप्तिस्मा नाकारायचा नाही, कारण नाकारणं शास्त्रात बसत नाही. उमेदवाराने आपल्या जागी बदली श्रोता आणून द्यावा, की त्याच दिवशी बाप्तिस्मा. ध्येयसाहेब म्हणाले, की यात उमेदवाराचंच हित आहे, आल्याआल्या त्याचं स्वतःचं वैयक्तिक ध्येय पूर्ण होईल.

हा निरोप नवे समितीप्रमुख घेऊन गेले. आजोबांनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि "बरं," म्हणाले. मग अर्धवट दिसणाऱ्या डोळ्यांनी ते आठवडाभर वस्तीत फिरले. त्यांना लोक हाकलत नव्हते, पण काय पाहिजे ते कळल्यावर हात जोडत होते. शेवटी त्यांनी खालच्या लाँड्रीवाल्या बाईंना विचारलं. बाईंच्या दुकानात वाफेची इस्त्री दिवसभर फुसफुसत असते, मागे धुण्याची मशीन घरघरत असते, आणि त्यातच बाईंचं अर्धं आयुष्य गेलेलं.

"येऊ देत की, बोलू देत!" बाई ओरडून म्हणाल्या. "मला इथं काही ऐकू येत नाही, पण मान हलवीन!"

समितीप्रमुखाने दुकानाची पाहणी केली. बाई उभ्याने काम करत, ही एक अडचण होती. व्याख्येतला 'बसून' हा शब्द 'जागा न सोडता' असा बदलण्यात आला. ऐकू येत नाही, याची अडचण कुणालाच वाटली नाही. उलट ध्येयसाहेबांचा चेहरा उजळला. "हे फार उत्तम," ते म्हणाले. "यांना कधीच काही खरं वाटण्याचा धोका नाही."

आजोबांचा बाप्तिस्मा एका रविवारी आटोपशीरपणे झाला. आटोपशीर यासाठी, की लाँड्री दुपारपर्यंतच उघडी असते. ओल्या केसांनी आजोबा पाण्यातून वर आले, त्यांनी हसून मंडळीकडे तोंड केलं, आणि मंडळी तोवर अर्धी रिकामी झाली होती. उरलेल्यांनी त्यांना बंधू म्हणून हाक मारली आणि जाता जाता खांद्यावर थोपटलं. आता त्यांच्या खोलीवर कुणी येत नव्हतं. सभासदाशी बोललेलं कशातच धरत नाहीत.

ऑपरेशनची तारीख नेमकी ध्येयवर्षाच्या शेवटच्या दिवशी आली. सोबत जायला आजाऱ्यांकडे जाणाऱ्या भेट-समितीतला एकही माणूस मोकळा नव्हता; सगळे लाँड्रीच्या रांगेत होते. चष्मेवाल्याने वचन दिलेलं, म्हणून तो गेला. आपला नंबर साडूला धरायला सांगून, दोन तासांत येतो म्हणून, पण गेला. दवाखान्यात पोहोचला तेव्हा आजोबा बाकावर बसले होते. डोळ्यांत थेंब घालून त्यांना डोळे मिटायला सांगितलं होतं. खिडकीत बसलेल्या कारकून बाई वैतागल्या होत्या.

"सोबत कोण, म्हणून सकाळपासून विचारतेय, तर म्हणतात मंडळी आहे. कुठं आहे मंडळी?"

"मी आहे," चष्मेवाला म्हणाला.

"कोण तुम्ही यांचे?"

"भाऊ."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "सख्खे?"

"प्रभूमध्ये."

"असाल. साखर आहे का यांना?"

चष्मेवाल्याला माहीत नव्हतं.

"कुठलं औषध सोसत नाही असं काही?"

तेही माहीत नव्हतं.

"घरी गेल्यावर थेंब कोण घालणार?"

चष्मेवाल्याने घड्याळ पाहिलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "बरं, हे तरी सांगा. डॉक्टरांनी मुद्दाम विचारलंय. उजव्या बुबुळावर जुनी जखम आहे. पूर्वी कामावर काही इजा झाली होती का? काय काम करायचे हे?"

चष्मेवाल्याने आजोबांकडे पाहिलं.

"तुम्ही धंदा काय करता?" बाईंनी विचारलं.

"चष्म्याचं दुकान आहे."

"म्हणजे डोळे तुम्हीच तपासलेत! आणि विचारलं नाहीत?"

"बोलण्याच्या ओघात राहून गेलं," चष्मेवाला म्हणाला.

डोळे मिटलेल्या आजोबांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं. "मी सांगतो ना," ते म्हणाले आणि बाकावर थोडे सरकले. "बसा."

चष्मेवाल्याच्या खिशात फोन वाजत होता. साडूचा होता, रांग पुढे सरकली असणार. "आजोबा," तो उभ्याउभ्याच म्हणाला, "थोडक्यात सांगा."

आजोबांनी जरा विचार केला. "थोडक्यात नाही हो सांगता यायचं," ते म्हणाले. "राहू द्या. तुम्हाला उशीर होईल."

बाईंनी त्या रकान्यात 'माहिती नाही' असं लिहिलं, चष्मेवाल्याने खाली सही केली, आणि तो वेळेत लाँड्रीत पोहोचला.

या माणसाची तुम्हाला चीड आली असेल तर ती रास्त आहे. ऑपरेशन चांगलं झालं, आजोबांना आता दिसतं, हे सांगायला आम्ही बांधील आहोत, कारण ते तुम्ही नक्की विचाराल. उशी कुणाकडे राहिली, लाँड्रीवाल्या बाईंचं काय झालं, हेही विचाराल. पण आजोबा इतका वेळ तुमच्यासमोरही बसले होते, आणि ते काय काम करायचे, हे त्या कारकून बाईंनी विचारेपर्यंत तुम्हालाही विचारायचं सुचलं नव्हतं. आम्हाला माहीत होतं. कुणी विचारलं असतं, तर सांगितलं असतं.